तिसरं वळण

तळं आमच्या शाळेपासून बसनं वीस मिनिटांवर.
त्याच्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा डांबरी रस्ता,
टायरांच्या भिंती, गंजकं कुंपण,
आणि एक पाटी : पोहण्यास मनाई.
इथूनच धान्यदेवीच्या लेकीला पळवून नेलं
असं मी एकतीस वर्षं शिकवते आहे.

एखाद्या उन्हाळ्यात पाणी तांबडं होतं.
विज्ञानाच्या बाई सांगतात, जिवाणू.
मी काही बोलत नाही. तास त्यांचा असतो.

दर वर्षी कुणीतरी विचारतंच :
"बाई, रथ नेमका कुठून वर आला?"
यंदा गास्पारेनं विचारलं. त्याचा बाप
शर्यती जोरात होत्या तेव्हा इथे चाकं बदलायचा.
मी म्हटलं, तिसऱ्या वळणावर.
खोटंच. पण पोरांनी वहीत लिहून घेतलं
आणि अग्रिप्पीना तर धावत जाऊन
तिथल्या भेगेत डोकावून आली.
"काय दिसलं?"
"मुंग्या."

पुस्तकात हे सगळं दीड पानात उरकलंय.
मुलगी फुलं वेचत होती. जमीन दुभंगली.
आईनं मशाली घेऊन नऊ दिवस शोधलं,
मग तिनं अंग काढून घेतलं, आणि काही उगवेना.
शेवटी तडजोड : पाताळात डाळिंबाचे जितके दाणे खाल्ले
तितके महिने तिकडे.
"चार की सहा?" पुन्हा गास्पारे. "परीक्षेत काय लिहू?"
म्हटलं, जुन्या लोकांचंही यावर एकमत नव्हतं.
त्यानं पेन खाली ठेवलं.
ज्यावर एकमत नाही ते पाठ कसं करायचं,
हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

पाताळाचं आम्हांला नवल नाही.
या डोंगरांखाली गंधकाच्या खाणी होत्या.
माझ्या वडिलांचे वडील आठव्या वर्षी उतरले,
वर आले ते वाकलेच. मरेपर्यंत
त्यांच्या सदऱ्याला तो वास होता,
लग्नातल्यासुद्धा.
हे पुस्तकात नाही.
पुराण संपून इतिहास सुरू होतो तिथे
छापखान्यानं एक पान कोरं सोडलंय.
त्या पानाशी मी थांबते, खिडकी उघडते.
पोरांना वाटतं, बाईंना दम लागला.

मी रुजू झाले तेव्हा हजेरीपटावर अठ्ठावीस नावं होती.
आता अकरा.
शेवटची परीक्षा झाली की तोरिनोची, श्टुटगार्टची
तिकिटं निघतात.
रात्रीची बस कारंज्यापाशी उभी राहते,
पोटाचं दार उघडून बॅगा गिळते,
घाट उतरते.
ऑगस्टात काहीजण येतात,
नवे बूट घालून, शब्दांच्या शेवटी जरा अडखळत,
मिरवणुकीत मेणबत्ती धरतात, मला कॉफी पाजतात.
किती दाणे खाल्ले ते मी विचारत नाही.

सहामाहीला मी प्रश्न घातला :
'मुलगी गेल्यावर आईने काय केले? दहा ओळींत लिहा.'
अग्रिप्पीनानं चारच लिहिल्या.

'तिने शेते बंद केली म्हणून देवांना ऐकावे लागले.
माझी बहीण गेली तेव्हा आईने बॅगेत
मेंढीचे चीज घातले, फडक्यात बांधून.
गहू त्या वर्षीही चांगला आला.'

लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसले.
दोन स्वल्पविराम चुकले होते.
नियमानं दहापैकी पाच.
मी आठ दिले, समासात लिहिलं : ओळी कमी आहेत.
मग तेही खोडलं,
आणि पुढचा पेपर घेतला, गास्पारेचा.
त्यानं लिहिलं होतं : चार किंवा सहा.